जत्रेच्या वहीत जुगाराचा रुपया नको

भोर-वेल्ह्यातल्या गावकऱ्यांनो, आयाबायांनो, आणि जत्रेला रजा टाकून येणाऱ्या मुंबईकर-पुणेकर मंडळींनो,

पाडवा तोंडावर आला आहे. हिरडस मावळापासून कानद खोऱ्यापर्यंत देवळादेवळांत जत्रेच्या बैठका सुरू आहेत. पालखी, भंडारा, लोकनाट्याची सुपारी, कुस्त्यांचा आखाडा, मांडववाला, पाळणेवाला, सगळं एकेक करून ठरतं. माणसं उठायच्या बेतात असली की एक जण मागे रेंगाळतो. त्याला मैदानाचा एक कोपरा दोन रात्रींसाठी हवा असतो, उजेडापासून जरा आडबाजूचा. पाळणेवाल्याच्या कितीतरी पट भाडं तो देतो, रोख देतो आणि आगाऊ देतो. यात्रा कमिटीत ज्यांनी कधी काम केलं आहे त्यांना हा कोण हे सांगायला नको.

माझी विनंती आहे की यंदा त्याचा पैसा घेऊ नका. भाडं म्हणून नको, देणगी म्हणून नको, कळसाला नको आणि शाळेच्या टाकीलाही नको. आणि हे तोंडी नको. लेखी ठराव करा. बैठका आज-उद्या आहेत, म्हणून हे घाईनं लिहितो आहे. एकदा आगाऊ रक्कम कमिटीच्या पिशवीत पडली की पुढं बोलायला तोंड राहत नाही.

एका गावच्या जत्रेचा जमाखर्च माझ्या पाहण्यात आला. गावाचं नाव घेत नाही, कारण असं एकच गाव आहे असं मला वाटत नाही. निळ्या रेघांची लांबट वही, अक्षर सुंदर. घरटी वर्गणी, दुकान भाडे, नारळाचा लिलाव, मुंबई मंडळाची देणगी, असे आकडे ओळीनं होते, शेजारी पावती क्रमांक होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं ‘किरकोळ जमा’. तिथं पावती क्रमांक नव्हता. आणि हे किरकोळ वरच्या प्रत्येक आकड्याहून मोठं होतं! हिशेब लिहिणारा माणूस सज्जन आहे. त्यानं एक पैसा खाल्लेला नाही. पण ‘जुगार’ हा शब्द देवाच्या वहीत लिहायला त्याचा हात धजला नाही, आणि यातच सगळं आलं.

त्या कोपऱ्यात काय चालतं ते बायकांनी सहसा पाहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. जमिनीवर एक रेक्झिनचा तुकडा, त्यावर सहा चित्रं: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट, झेंडा आणि मुंडी. बॅटरीवरचा एक दिवा. फासे डब्यात खुळखुळतात आणि पालथे पडतात. संध्याकाळी भोवती पोरं असतात, मामानं जत्रेला दिलेली दहाची नोट मुठीत धरून. लोकनाट्य सुरू झालं की बाप्ये येतात. सतत जिंकणारा आणि मोठ्यानं हसणारा एक जण तिथं हमखास असतो. तो मालकाचाच माणूस. दहा पावलांवर मोबाइल गहाण ठेवून पैसे देणारा उभा. अलीकडे रेक्झिनच्या कडेला क्यूआर कोडही चिकटवलेला असतो, म्हणजे सुट्ट्यांची अडचण नाही आणि घरच्यांना कळायला बँकेचा मेसेज येईपर्यंत वेळ. दुसऱ्या दिवशी आखाड्याच्या स्टेजवर याच मालकाला ‘थोर देणगीदार’ म्हणून शाल-श्रीफळ. काल रात्री हरलेलेच खाली बसून टाळ्या वाजवतात.

एवढ्या छोट्या गोष्टीसाठी एवढं मोठं आवाहन कशाला, असं कुणी म्हणेल. ती छोटी नाही, म्हणून. नसरापूरच्या चहाच्या टपरीवर, मार्गासनीच्या एसटी थांब्यावर हल्ली एक बोलणं वारंवार कानावर येतं. गोव्यात कॅसिनो चालतो, मग आपल्याकडे का नको? पानशेतच्या नाही तर भाटघरच्या पाण्यात एक बोट सोडा, पुण्याचे पैसेवाले येतील, करातून दवाखाना होईल, रस्ते होतील. असा कुठला प्रस्ताव आलेला नाही; ही टपरीवरचीच चर्चा आहे. पण युक्तिवाद तोच आहे जो यात्रा कमिटीत चालतो: खेळणारे खेळणारच, मग गावाचं तरी भलं होऊ दे. गावानं हे तत्त्व दहा-वीस हजारांसाठी मान्य केलं, की उद्या कुणी कोटींसाठी तेच बोलला तर आपण कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

आपल्या राज्यात हा विषय हवेतला नाही. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळानं कॅसिनो नियंत्रण व कर कायदा मंजूर केला होता. राज्यपालांची सही झाली. फक्त तो अमलात आणण्याची अधिसूचना कुणी काढली नाही. मुख्यमंत्री आले आणि गेले, काँग्रेस झाली, युती झाली, आघाडी झाली; कायदा पुस्तकात तसाच पडून राहिला. मधल्या काळात पर्यटन आणि महसूल या दोन शब्दांच्या आधारानं तो जागा करण्याची मागणी वरचेवर झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर 2023 मध्ये तो रद्द करण्याचं विधेयक मंजूर झालं. सत्तेचाळीस वर्षांत एकाही सरकारला तो लागू करायचं धाडस झालं नाही, हे मला राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचं एक दुर्मीळ उदाहरण वाटतं. पण जो कायदा एका अधिवेशनात जातो तो एका अधिवेशनात परतही येतो. तिजोरीत खडखडाट असला की असल्या कल्पनांना पाय फुटतात.

आता गोव्याबद्दल, कारण सगळे गोव्याचंच नाव घेतात. तिथला जुगाराचा कायदाही 1976 चाच, आणि मुळात जुगाराला बंदी घालणारा. 1992 मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी दिली. 1996 मध्ये जहाजांनाही दिली. बघता बघता पणजीसमोर मांडवीच्या पात्रात सहा कॅसिनो-जहाजं नांगर टाकून बसली. ती नदीतून हलवू, असं विरोधात असताना प्रत्येक पक्ष म्हणाला आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ देत राहिला. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. बजेटमध्ये ती रक्कम एकदा धरली की काढता येत नाही. आपल्या जत्रेचंही असंच होतं. पहिल्या वर्षी त्या पैशातून मांडवाचा खर्च भागतो, दुसऱ्या वर्षी डीजे वाढतो, तिसऱ्या वर्षी तो पैसा नसेल तर जत्राच होणार नाही असं वाटू लागतं.

गोव्याची खरी गोष्ट पुढं आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. त्या राज्याच्याच सरकारनं ती घातली. नेपाळमध्येही तेच, काठमांडूचे कॅसिनो परदेशी पाहुण्यांसाठी, नेपाळी माणसाला आत जायची मुभा नाही. ज्यांनी दुकान मांडलं ते स्वतःच्या लेकरांना त्या दुकानात जाऊ देत नाहीत. मग तिथं हरायला कोण जातं? आपणच. शनिवारी संध्याकाळी कात्रजच्या बोगद्यातून दक्षिणेला सुटणाऱ्या गाड्यांत बसलेले.

यावर एक उलटा मुद्दा निघतो आणि तो बिनतोड वाटतो: आपला पैसा गोव्याला जातोच आहे, तो इथंच राहू द्या ना! मी त्याचा विचार केला. गोव्याला जायला खिशात काही रक्कम लागते, दोन दिवस लागतात, घरी काहीतरी थाप मारावी लागते. एवढ्या अडथळ्यांत बरेच जण वाचतात. भोरच्या एसटी स्टँडवरून अर्ध्या तासावर कॅसिनो असला तर थापही मारावी लागणार नाही. शिवाय गोव्यात पैसा बाहेरच्याचा जातो. इथं तो जाईल जमीन विकलेल्या आपल्या पोरांचा. रिंगरोडचा मोबदला, फार्महाऊसला दिलेल्या गुंठ्यांचे पैसे, हे गेल्या काही वर्षांत या भागात आलेलं मोठं आणि एकदाच येणारं धन आहे. आजोबानं राखलेल्या भाताच्या खाचराचं ते शेवटचं रूप आहे. ते घालवायला एक मोसम पुरतो. मोबाइलवर तो मोसम येऊन गेलाच. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो उगाच नव्हे. बंदीनंतरही सट्ट्याचे ‘आयडी’ देणारे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेतच, हा भाग वेगळा.

डोंगरी, मागास, कामधंदा नसलेल्या भागात कॅसिनो आणून काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याला अगदी जवळचं आहे, जरी ते दक्षिण कोरियातलं असलं तरी. तिथं गांगवॉन प्रांताच्या डोंगरात कोळशाच्या खाणी होत्या. त्या बंद पडू लागल्या, गावं ओस पडायला लागली. लोकांनीच मागणी केली, आम्हाला काहीतरी द्या. 1995 मध्ये खास कायदा झाला आणि 2000 साली जोंगसन भागात ‘कांगवॉन लँड’ नावाचा कॅसिनो उघडला. कोरियन नागरिकाला आत जाता येईल असा संपूर्ण देशातला तो एकमेव. नोकऱ्या आल्या, निधीही आला. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याबरोबर पायथ्याच्या गावात गहाणवटीच्या दुकानांची रांग उभी राहिली आणि गहाण पडलेल्या मोटारींचे ताफे. व्यसनमुक्तीचं केंद्र त्याच कंपनीला काढावं लागलं. खाणीतून सुटलेलं गाव गहाणवटीच्या दुकानांवर येऊन पोचलं. अमेरिकेत अटलांटिक सिटीनंही 1976 सालीच मतदान घेऊन कॅसिनोला परवानगी दिली, करातून म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना मदत करायची म्हणून. शेजारच्या राज्यांनी आपापले कॅसिनो काढल्यावर 2014 या एका वर्षात तिथले चार बंद पडले. जवळ दुसरा फड बसला की पहिल्याचं गिऱ्हाईक पळतं, हे आपल्याकडच्या कोणत्याही सोरटवाल्याला माहीत आहे.

गणित सांगतो, म्हणजे नशीब हा शब्द बाजूला पडेल. रुलेटच्या चक्रात सदतीस घरं असतात, एक ते छत्तीस आणि एक शून्य. एका आकड्यावर शंभर लावले आणि लागला तर पस्तीसशे मिळतात, वर तुमचे शंभर परत. सदतीस वेळा शंभर लावा, एकदा लागेल असं धरा: गेले सदतीसशे, आले छत्तीसशे. शंभराला दोन रुपये सत्तर पैसे चक्राचे. किरकोळ वाटतं ना? पण तेच शंभर रात्रभरात चाळीसदा फिरतात. मटक्यात तर सरळ दहा आकडे आणि एकाला नऊचा भाव, म्हणजे दर फेरीला दहावा हिस्सा मालकाचा. कॅसिनोवर कर आहे तो वेगळा. ऑक्टोबर 2023 पासून तो दर्शनी रकमेवर 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचा दर 40 टक्के झाला. वरवर पाहता सरकारला चाळीस रुपये मिळाले म्हणून आनंद व्हावा. पण ते चाळीस रुपये कुठल्या कारखान्यात तयार झाले नाहीत, शेतात उगवले नाहीत. कुणाच्या तरी खताचे, कुणाच्या तरी फीचे ते होते. त्या घराला मग रेशन, औषध, कर्जमाफी देण्यासाठी सरकारच पुन्हा हात खिशात घालतं.

चांगल्या कामासाठी नशिबाचा खेळ मांडायची चाल जुनी आहे. मुंबईच्या टाऊन हॉलसाठी, आज जिथं एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे त्या इमारतीसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरी काढली होती. पैसा पुरला नाही. उरलेला भार कंपनी सरकारनं उचलला तेव्हा 1833 मध्ये इमारत पुरी झाली. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून आहे, मटक्याला आळा बसावा हाही तिचा एक हेतू होता. मटका संपला का, हे मी तुम्हाला सांगायला नको. केरळचं उदाहरण मात्र आदरानं द्यावं लागेल. तिथं ‘कारुण्य’ लॉटरीच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांच्या उपचाराचा निधी उभा केला आणि कित्येकांची त्यातून सोय झाली. त्यावरही माझं म्हणणं एवढंच, की तिकिटाच्या टपरीसमोर रांगेत कोण उभं असतं ते एकदा पाहावं. हातावर पोट असलेल्याच्या खिशातून काढून त्याच्याच शेजाऱ्याच्या ऑपरेशनला द्यायचे, आणि ज्याला सहज परवडतं त्यानं बघत बसायचं, याला मी सार्वजनिक वित्त म्हणणार नाही.

गरजा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. केळद किंवा घिसरच्या बाजूला रात्री कुणाला साप चावला तर काय होतं, वेळवंड खोऱ्यातल्या बाईला कळा सुरू झाल्या की गाडी कुठून येते, हे इथला प्रत्येक जण जाणतो. पण मग हक्कानं मागायचं ते आपण मागतो का? आपली धरणंच बघा: भाटघर साडेतेवीस टीएमसी, नीरा-देवघर पावणेबारा, वरसगाव जवळजवळ तेरा, पानशेत साडेदहाच्या वर, गुंजवणी साडेतीनच्या वर. या दोन तालुक्यांच्या डोंगरांत साठ टीएमसीहून जास्त पाणी अडतं. त्यावर पुणे पाणी पितं, बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस उभा राहतो. त्यासाठी इथली गावं उठली, गाळपेराची जमीन पाण्याखाली गेली. आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांना टँकर! धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण बहुतेक इथंच जन्मली असावी. ज्या तालुक्यांनी एवढं दिलं त्यांनी दवाखान्यासाठी जुगाऱ्यापुढं हात पसरायचा, याची मला तरी लाज वाटते.

घरातलं येणंही आपण वसूल करत नाही. धरणाच्या कडेनं, डोंगराच्या उतारावर जी फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिलीत, त्यातली किती तुमच्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठला लागली आहेत, हे ग्रामसेवकाकडे जाऊन एकदा विचारा. नोंद नाही म्हणजे घरपट्टी नाही. जत्रेच्या कोपऱ्याचं भाडं एकदाच येतं. घरपट्टी दरवर्षी येते, पावतीसह. खडीच्या क्रशरमुळं धूळ खाणाऱ्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा असतो, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. जुलै 2025 मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला, वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे. गडाच्या पायथ्याशी शनिवार-रविवारी गाड्यांची किती रांग लागते, त्यातलं गावाच्या खात्यात रीतसर किती येतं, आणि त्यातून पायथ्याला एक स्वच्छतागृह तरी नीट चालतं का? वित्त आयोगाच्या निधीचा आराखडाही ग्रामसभेत ठरतो. त्या दिवशी ग्रामसभेला किती जण होतो आपण? कोरमअभावी तहकूब, ही नोंद कित्येक पंचायतींच्या वहीत सापडेल.

पोलीस काय ते बघून घेतील, असं म्हणून अंग काढून घेऊ नका. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, धाडीही पडतात. पण गावानंच पैसे घेऊन बसवलेल्या माणसावर धाड पडली तर साक्षीला कोण येणार? पंच म्हणून सही कोण करणार? म्हणून सुरुवात गावानं करायची आहे.

बायकांना माझं वेगळं सांगणं आहे. दारूचं दुकान बंद करायला तुम्ही बाटली आडवी केलीत, महाराष्ट्रात ठिकठिकाणी केलीत. जुगारासाठी तसं मतदान नाही, पण त्याची गरजही नाही, कारण हा धंदा मुळातच बेकायदा आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती घ्यायला लावा, तिथंच ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा. हरलेल्या पैशाचा हिशेब शेवटी डब्यातल्या पिठाशी येऊन थांबतो, तो तुमच्याइतका कुणाला माहीत नाही.

मुंबईकर मंडळींना विनंती, की नुसतं ‘असलं काही करू नका’ असं ग्रुपवर टाकून थांबू नका. त्या पैशाविना खड्डा पडेल, तो भरायला मदत करा. घरामागे थोडी वर्गणी वाढली, लोकनाट्य दोनऐवजी एक रात्र झालं, डीजे रद्द झाला, तर बहुतेक गावांचा खड्डा बुजतो. पोरं नाराज होतील. होऊ द्या. त्यांना आखाड्याच्या इनामात वाढ करून दाखवा, किंवा वरच्या आळीत धावण्याची शर्यत लावा.

ज्यानं आगाऊ घेतले असतील त्यानं ते परत करावेत. आजच करावेत, दोन माणसांसमोर करावेत. यात कमीपणा काही नाही.

ठराव साधा असू द्या. विशेष ग्रामसभा बोलवायला सरपंचांना सांगा. तेवढा वेळ नसेल तर कमिटीच्या बैठकीत लिहा आणि उपस्थितांच्या सह्या घ्या. मजकूर असा चालेल: ‘जत्रेच्या जागेत व गावाच्या हद्दीत जुगाराचा कोणताही प्रकार बसू दिला जाणार नाही. तसा धंदा करणाऱ्याकडून भाडे, वर्गणी वा देणगी कोणत्याही नावाने घेतली जाणार नाही. जत्रेचा संपूर्ण जमाखर्च आठ दिवसांत देवळाच्या भिंतीवर लावला जाईल, त्यात किरकोळ जमा हे शीर्षक असणार नाही.’ एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, एक मांडवाच्या खांबाला. देवस्थानाचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर विश्वस्तांच्या सह्याही घ्या, कारण धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबाला तेच उत्तरदायी असतात. आणि जत्रेच्या रात्री त्या आडबाजूच्या कोपऱ्यात एक मोठा दिवा लावून ठेवा.